नरसाळं आतून पुसू नये

३ फेब्रुवारी, सोमवार

तापमान २६, दमटपणा ५४ टक्के. ही वही प्रयोगशाळेची नाही, माझी स्वतःची आहे, तरी पहिली ओळ हवामानाची लिहिल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. बावीस वर्षांची खोड.

आज अनुदानाचा अर्ज दिला. खिडकीतल्या कारकुनाने तो उलटसुलट करून पाहिला.

"मुलासाठी का?"

"नाही. माझ्यासाठी."

"अहो, पण हे विद्यार्थ्यांसाठी आहे."

मी ओळखपत्र सरकवलं. त्याने आधी फोटो पाहिला, मग मला, मग ओळखपत्र उलटं केलं. खरा विद्यार्थी मागच्या बाजूला लपला असावा तसं. मग "बरं आहे" म्हणाला आणि शिक्का मारला. आजाऱ्याला म्हणतात तसलं "बरं आहे".

वय एक्कावन्न, अर्धवेळ पदवीचं शेवटचं वर्ष. धातूच्या भुकटीच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं सहायक आहे. भट्टी, चाळण्या, तराजू, नरसाळं, सगळं माझ्या हातचं. शिकवलं कोणी नाही. यंत्रांबरोबर येणारी माहितीपुस्तकं कोणी उघडत नसे. ती घरी नेऊन, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. इथले सगळे मला मास्तर म्हणतात ते उगीच नाही. चार वर्षांपूर्वी ही म्हणाली, "एवढं सगळं येतं, तर त्याचा कागद का नाही तुमच्याकडे?" म्हणून कागदासाठी नाव घातलं. तेव्हापासून दिवसा पोरांना उपकरणं काढून द्यायची आणि संध्याकाळी त्यांच्याच बाकावर बसायचं. बाक विशीतल्या गुडघ्यांच्या मापाने केलेले आहेत.

भुकटी बनवणाऱ्यांची आणि वापरणाऱ्यांची मोठी परिषद एप्रिलमध्ये आहे, परगावी. प्रत्येक प्रयोगशाळेतल्या एकाच विद्यार्थ्याचं जाणंयेणं, राहणं परिषद करते. त्याने तिथे उभं राहून पंधरा मिनिटं आपलं काम सांगायचं. पंधरा मिनिटं, आणि ऐकणारे सगळे भुकटीतले. बावीस वर्षांत मला सलग पंधरा मिनिटं कोणी ऐकून घेतलेलं नाही. हिनेसुद्धा नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

अर्जासोबतचा सारांश तीनशे शब्दांत बसवताना फार काटछाट झाली. इथे मोकळेपणी लिहून ठेवतो.

लोखंडाची भुकटी साच्यात ओततात, दाबतात आणि भाजतात. त्यातून दातेरी चाकं, चकत्या असे यंत्रांचे भाग होतात. साच्यात भुकटी भरभर उतरली पाहिजे, नाहीतर सगळं काम रखडतं. ती किती भरभर उतरते ते मोजायला नरसाळं. पन्नास ग्रॅम भुकटी घ्यायची, तळाच्या अडीच मिलिमीटरच्या भोकाला बोट लावून ती ओतायची, बोट काढायचं, आणि नरसाळं रिकामं व्हायला किती सेकंद लागतात ते पाहायचं. एवढंच. पण एवढंसुद्धा नीट करणारे थोडे.

माझं म्हणणं असं, की भुकटी फिरत्या पिंपात अगदी सावकाश दोन तास घोळवली तर कणांचे कोपरे झिजतात आणि ती लवकर वाहते. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर २९.५ सेकंद. घोळवल्यावर माझ्या नरसाळ्यातून २६.७. पाच वेळा मोजलं. पाचही आकडे २६.६ ते २६.८ च्या आत. जवळजवळ तीन सेकंदांचा फायदा, तोही पिंप फिरवण्यापलीकडे काही न करता.

नरसाळं ॲल्युमिनियमचं आहे, चौदा वर्षांचं, आणि आजही आरशासारखं. रोज पाच वाजून वीस मिनिटांनी कापडाची बारीक वात करून, तिला पॉलिशचं मलम लावून, भोकातून वीस वेळा ओढतो. एकोणीस नाही, एकवीस नाही. दुसऱ्या प्रयोगशाळांतली नरसाळी पाहिली आहेत, चुलीतून काढल्यासारखी. तसल्यातून आलेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दमटपणा ६१. भुकटी चिकटते. माणसंही.

चिमणीनेही अर्ज केला आहे. चिमणी म्हणजे शेवटच्या वर्षाची पूर्णवेळ विद्यार्थिनी. आवाज एवढासा, म्हणून नाव मीच ठेवलं. भुकटीतल्या ओलाव्यावर तिचं काम आहे. बरं आहे, पण कच्चं.

मी नरसाळं स्टँडवर लावत होतो, तर जवळ येऊन म्हणते, "मास्तर, याची तपासणी कधी झाली होती हो?"

"कसली तपासणी?"

"प्रमाण भुकटीने. कपाटात बाटली आहे ना, चाळीस सेकंदांची."

नरसाळ्यासोबत एक सीलबंद बाटली येते. तिच्यावर '४०.० सेकंद' छापलेलं असतं. नरसाळं बरोबर असेल तर ती भुकटी बरोबर चाळीस सेकंदांत उतरते.

"ती नवख्यांसाठी असते," मी म्हणालो. "हात बसलेला नसतो त्यांचा."

"हाताचं नाही मास्तर, भोकाचं म्हणतेय मी."

"भोक मी रोज साफ करतो."

चौदा वर्षं त्या बाटलीचं सील मोडायची वेळ माझ्यावर आलेली नाही, हे तिला सांगायचं राहिलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आमचे मार्गदर्शक माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. इथेच शिकले, तराजूजवळ श्वास रोखून कसं उभं राहायचं ते त्यांना मीच शिकवलं. आज शिफारसपत्रावर सही करताना पेन हवेत धरून म्हणाले, "मास्तर, घोळवण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे आपल्याच नरसाळ्यातून घेतलेत ना?"

"आधीचा प्रमाणपत्रावरचा आहे, साहेब. कच्ची भुकटी मोजायला उरली नाही, सगळी पिंपात गेली. आणि प्रमाणपत्र म्हणजे काही चिठ्ठी नाही, त्यांच्या प्रयोगशाळेचा शिक्का आहे त्यावर."

"हं," म्हणाले. थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. माझ्या कामावर त्यांचा विश्वास आहे.

ती बाटली आज पुन्हा टेबलावर होती. या आठवड्यात तिसऱ्यांदा. उचलून कपाटात ठेवली. वस्तू जागेवर ठेवायला या पिढीला कोण शिकवणार?

३ मार्च, सोमवार

अनुदान मिळालं.

यादी फलकावर लागली होती. आधी नाव वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं. आमच्या प्रयोगशाळेतून मी. खाली प्रतीक्षा यादीत पहिली चिमणी.

हिला फोन केला तर म्हणाली, "थांबा, गॅस बंद करून येते." आली आणि म्हणाली, "आता पुन्हा सांगा." पुन्हा सांगितलं. संध्याकाळी घरी गेलो तर खालच्या मजल्यापासून वरपर्यंत सगळ्यांना कळलेलं होतं. समोरच्या बाई म्हणाल्या, "भाषण आहे म्हणे तुमचं!" भाषण नव्हे, निबंधवाचन, असं मी दोनदा सांगितलं. हिने तिसऱ्यांदा सांगू दिलं नाही.

चिमणी अभिनंदन करायला आली होती. डोळ्यांत काहीतरी होतं. असणारच, जागा एक आणि माणसं दोन. "मास्तर, नीट तयारी करा हं," म्हणाली. मीच तिला वीस वेळा सांगितलेलं वाक्य.

८ मार्च, शनिवार

लिहिण्यासारखं काही नाही. पंधरा मिनिटांचं सतरा होतंय. पाय दुखतात. ही ऐकायला बसते आणि चौथ्या मिनिटाला झोपते. त्यामुळे पहिली चार मिनिटं चांगली बसली आहेत.

चिमणी हल्ली बाटलीबद्दल विचारत नाही. किंबहुना बोलतच नाही. बरंच झालं.

१५ मार्च, शनिवार

कोटाचं माप द्यायला मेहुण्याकडे गेलो. हिचा धाकटा भाऊ शिंपी आहे. ही सोबत होतीच.

"दाजी, श्वास सोडा," मेहुणा म्हणाला. "पोट आत घेऊन माप दिलंत, तर भाषणाच्या वेळी बटण पहिल्या रांगेत जाईल."

"मी आत घेतलेलं नाही."

"मग हे बाहेर घेतलेलं आहे का?"

ही हसली. आपल्या भावाच्या विनोदाला ती आधी हसते आणि मग ऐकते.

कंबर छत्तीस भरली. पुतणीच्या लग्नातल्या कोटाच्या वेळी सदतीस होती, मला पक्कं आठवतं. मी म्हणालो, "पाहिलंस? अभ्यासाने झिजलो."

"फार खूश होऊ नका दाजी, टेप जुनी आहे ही. ओढून ओढून लांबलीये." त्याने खणातून नवी काढली आणि पुन्हा गुंडाळली. सदतीसला एक रेघ कमी.

"वापरून टेप लांबते?"

"न वापरता कशी लांबेल? जितकी जास्त मापं घ्याल तितकी खोटं बोलायला लागते. मी महिन्यातून एकदा लोखंडी पट्टीवर धरून बघतो. पाव इंच वाढली की टोपलीत. हीच राहून गेली."

"पण हाताखालची, सवयीची वस्तू..."

"दाजी, हाताखालचीच झिजते हो! खणात ठेवलेली कशाला झिजेल?"

नंतर त्याने बाह्या, खांदे मापले. काय आकडे आले ते मला सांगता येणार नाही. परत येताना ही कोटाच्या रंगाबद्दल बोलत होती. मी हं हं म्हणत होतो. "तुम्ही ऐकत नाही आहात," म्हणाली. नव्हतोच.

१७ मार्च, सोमवार

तापमान २९, दमटपणा ५०. सकाळी सातला पोचलो, कोणी यायच्या आत. कपाट उघडलं, बाटली घेतली.

सील मोडलेलं होतं. ब्लेडने, अगदी नीट, कडेकडेने. टोपणाच्या आत एक चिठ्ठी घडी करून ठेवली होती. बारीक अक्षर, चिमणीचं. 'तारीख १४ फेब्रुवारी. ३६.२, ३६.२, ३६.३.'

मी मोजलं. पन्नास ग्रॅम, बोट, स्टॉपवॉच. ३६.२. परत मोजलं. ३६.२. यायला हवे होते चाळीस.

मग ड्रिलचा संच काढला. अडीचचा दांडा भोकात घातला तर डुगडुगला. २.६ चा सरकन गेला. २.७ चा अडला. भोक अडीचचं राहिलेलं नाही. रोज वीस वेळा वात ओढून, मलम लावून, चौदा वर्षं मी ते मोठं करत आलो. काळीकुट्ट नरसाळी बरोबर होती. आरसा माझाच खोटा.

हिशेब सोपा आहे. ४० भागिले ३६.२ म्हणजे १.१०५. माझे २६.७ गुणिले १.१०५. कागदावर केला, मग गणकयंत्रावर केला, मग पुन्हा कागदावर. २९.५. प्रमाणपत्रावरचाच आकडा, दशांशापर्यंत तोच. पिंपाने काहीही केलेलं नाही. तीन सेकंद माझ्या वातीचे होते.

चौदा वर्षांच्या वह्यांत किती आकडे या भोकातून उतरले असतील? मोजायला घेतलं होतं, तिसऱ्या वहीला थांबलो.

आठ वाजून दहा मिनिटांनी भट्टी चालू केली. ती वेळेवर करावी लागते.

१७ मार्च, संध्याकाळ

चिमणीला थांबवलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तीनदा बाटली टेबलावर ठेवली, मास्तर."

"तोंडाने सांगायचं होतंस."

ती ओढणीचं टोक पिळत राहिली. मग एवढ्याशा आवाजात म्हणाली, "निकालाआधी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हिला जागा हवीये. निकालानंतर तर सगळेच म्हणाले असते. आणि..."

"आणि काय?"

"तुम्ही ते पुसत असता ना, तेव्हा शीळ घालता. तुम्हाला माहीत आहे का?"

माहीत नव्हतं. हा मुद्दा इथे कुठून आला तेही कळलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

झोप अशी लागली नाही. आज कोणाला काही बोललो नाही. अजून माझ्याशिवाय एकाच माणसाला माहीत आहे, आणि ती बोलणारी नाही. परिषदेत कोणी नरसाळं मागून घेऊन भोक मोजत बसणार नाही. पंधरा मिनिटं, टाळ्या, चहा. हे सगळं मी आज मनात म्हणून पाहिलं, हे इथे लिहून ठेवतो, कारण वही माझी आहे आणि तिच्यात खोटं लिहायचं तर मग लिहायचंच कशाला.

पाच वीसला वात हातात घेतली आणि खाली ठेवली.

घरी हिला सांगितलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून, पहिल्यापासून. या खेपेला चौथ्या मिनिटाला झोपली नाही.

"म्हणजे तुम्ही खोटं मोजलंत?"

"नाही. मोजलं खरंच. नरसाळं खोटं झालं होतं."

"कशाने?"

"पुसून पुसून."

तिने फडताळातल्या कपबशांकडे पाहिलं. मग म्हणाली, "लग्नात आलेला सोनेरी काठाचा सेट आठवतो? तुम्हीच घासून घासून काठ घालवलात. मी तेव्हाही काही बोलले नाही."

"आता बोललीस ना."

"आता विचारलंत म्हणून. जे झालं तेच लिहून पाठवा की. एवढे आकडे लिहिता, एक चूक लिहायला काय होतं?"

"खालपासून वरपर्यंत सगळ्यांना सांगितलं आहेस तू."

"ते माझं मी बघते. वरून खालपर्यंत परत सांगेन."

१९ मार्च, बुधवार

मार्गदर्शकांच्या टेबलावर नरसाळं, बाटली आणि २.६ चं ड्रिल ठेवलं. त्यांनी दांडा घालून पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

"मास्तर, शीर्षक बदलून पाहू या का? काहीतरी वाचवता येईल."

"काय वाचवणार, साहेब? कामच उरलं नाही."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो. आणि मी उत्तर दिलं होतं."

"परत विचारायला हवं होतं." ते ड्रिल बोटांत फिरवत होते. "पण ज्यांनी श्वास कसा धरायचा ते शिकवलं, त्यांना दोनदा कसं विचारायचं?"

मी म्हणालो, "यापुढे तीनदा विचारा." आवाज नको तेवढा चढला.

परिषदेला पत्र लिहिलं. सहा ओळी. निबंध मागे घेत आहे. कारण, नरसाळ्याचं भोक अतिस्वच्छतेने झिजलेलं आढळलं. सोबत तपासणीचे आकडे. 'अतिस्वच्छतेने' हा शब्द खोडून 'रोजच्या पॉलिशने' असं केलं. पहिल्या शब्दात थोडी शेखी होती.

२६ मार्च, बुधवार

उत्तर आलं. अनुदान प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या विद्यार्थ्याला. खाली कोणीतरी हाताने एक ओळ लिहिली आहे : 'कळवल्याबद्दल आभारी आहोत.'

चिमणीने नाही म्हणून पाहिलं. "तुमच्या जागेवर मी कशी जाऊ?"

"माझी जागा नव्हतीच ती. माझ्याकडे झिजलेल्या भोकातून आली होती. तू जा. आणि जरा मोठ्याने बोल, नाहीतर मागच्या रांगेला वाटेल पंखा चालू आहे."

हसली. मग म्हणाली, "मास्तर, एक मागू? जुनं नरसाळं द्याल? माझ्या पंधरातली तीन मिनिटं त्यावर बोलेन."

स्पष्ट नाही म्हणालो. आपली फजिती कोणी दुसऱ्याच्या गावी पाठवतं का?

४ एप्रिल, शुक्रवार

मेहुण्याने कोट पाठवला. "शिवलेला कोट उसवत नसतो, दाजी," असा निरोप. चांगला बसतो. घालून चिमणीला गाडीवर पोचवायला गेलो. तिच्या वडिलांनी मला कोणीतरी मोठा प्राध्यापक समजून नमस्कार केला. मी चूक दुरुस्त केली, पण गाडी सुटल्यावर.

नरसाळं कापसात गुंडाळून, डब्यात बसवून, खिडकीतून तिच्या हाती दिलं. सोबत ड्रिलचे तीन तुकडे, मापं चिकटवून. तीनपेक्षा जास्त मिनिटं घ्यायची नाहीत, अशी ताकीद दिली.

८ एप्रिल, मंगळवार

दुपारी तिचा फोन. मागून खूप माणसांचा गलका. तिचं ओलाव्याचं काम बरं झालं म्हणे. नरसाळ्याची तीन मिनिटं सात झाली.

"लोक हसले का?" मी विचारलं.

"आधी हसले. मग दांडे हातात घेऊन बघायला रांग लागली. एकजण तुमच्यासारखेच होते, मास्तर. त्यांचा कोटही तसाच, नवा. दांडा पुन्हा पुन्हा भोकात घालून पाहत होते. सगळे गेल्यावर हळूच विचारलं, तुमचे मास्तर मलम कुठलं वापरायचे?"

"काय सांगितलंस?"

"नाव सांगितलं. तर खालीच बसले."

मला त्या माणसाशी बोलायचं होतं. तिला नाव विचारायचं सुचलं नव्हतं. पोरगी अजून कच्ची आहे.

९ एप्रिल, बुधवार

तापमान ३१, दमटपणा ४७. नवं नरसाळं आलं. प्रमाण भुकटी : ४०.१, ४०.०, ४०.०. चिठ्ठीवर तारीख घालून चिठ्ठी टोपणात ठेवली. आता दर महिन्याच्या एक तारखेला.

पांढऱ्या पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहून स्टँडच्या वर लावलं : 'नरसाळं आतून पुसू नये. फक्त हवा मारावी.' मी लिहिलेलं आणि भिंतीवर लागलेलं हे पहिलंच. खाली नाव घालावं की नाही यात पाच मिनिटं गेली. घातलं.

मार्गदर्शक येऊन वाचून गेले. पुठ्ठा किंचित तिरका वाटला म्हणून तो सरळ केला. तिरका नव्हता, मी पाणसळ लावून पाहिलं होतं. ते गेल्यावर परत होता तसा केला.

पाच वीस. भट्टी बंद, तराजू झाकला, नरसाळ्यात हवा मारली. त्याला चार सेकंद लागतात. मग हात तसाच पुढे राहिला, वात धरल्यासारखा. त्याला काय सांगावं ते कळेना. शेवटी खिशात घातला आणि घरी आलो.